वस्तीतल्या मुलांसाठी फुटबॉलचा वर्ग कसा सुरू करावा?

मुंबईत टर्फचं (कृत्रिम गवताच्या मैदानाचं) तासाचं भाडं भरून खेळणारी मुलं वेगळी आणि गोवंडी, मानखुर्द, धारावीच्या वस्त्यांत वाढणारी वेगळी. या दुसऱ्या मुलांसाठी वर्ग काढायचा तर एक हिशोब आधी मनाशी पक्का करा. त्यातून एखादा खेळाडू घडला तर उत्तमच. पण ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी हमखास हजर असणारं एक मोठं माणूस मुलाला मिळणं ही यातली मुख्य कमाई. आठवड्यातून दोनच दिवस जमत असेल तर दोनच ठरवा आणि ते चुकवू नका. पाच दिवस जाहीर करून तीनदा दांडी मारणारा कोच मुलांच्या लगेच लक्षात येतो.

नळाची वेळ विचारा

मैदान शोधण्याआधी वस्तीत फिरा. पाणी कधी येतं, शाळा कोणत्या पाळीत भरते, दुपारी घरी कोण असतं, हे विचारा. महापालिकेच्या बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत भरतात, त्यामुळे एका बॅचमध्ये सगळे बसणार नाहीत. संध्याकाळी पाचची वेळ आपल्या ऑफिसला सोयीची असेल, पण नेमकं तेव्हा पाणी येत असेल तर मुली हंडे घेऊन रांगेत असणार. रमजानमध्ये रोजे धरणारी मुलं असतील तर वेळ बदला किंवा महिनाभर पळापळ कमी ठेवा.

मुली हव्या असतील तर पत्रकं वाटून भागत नाही, घरी जावं लागतं. दारातच प्रश्न येतात.

"सर, दिवेलागणीच्या आत येईल ना घरी? आणि हाफ पँट घालायला लावणार का?"

"नाही हो ताई, लेगिंगवर टी-शर्ट चालेल. सोडायला आमच्या मॅडम येतील, गल्लीपर्यंत नाही, दारापर्यंत."

म्हणजे बाई कोच किंवा निदान एक बाई स्वयंसेवक हवीच. जवळ संडास नसेल तर मुली पाणी पिणंच टाळतात आणि उन्हात चक्कर येते, म्हणून संडास कुठे आहे हे मैदान ठरवतानाच बघा. मोठ्या बहिणीबरोबर कडेवरचं भावंड येणार हेही धरून चाला. त्याला हाकलून दिलंत तर बहीणही जाईल. सावलीत एक चटई आणि जुना बॉल ठेवा.

मैदान आणि सामान

शाळेचं पटांगण मिळत असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. महापालिकेचं मैदान असेल तर वॉर्ड ऑफिसात अर्ज करावा लागतो. सराव सुरू करण्याआधी मोठ्यांनी मैदानभर चालून काचा, खिळे उचलायचे. बॉल आठ वर्षांखालच्यांना ३ नंबरचा, आठ ते बारासाठी ४ नंबरचा, त्यापुढे ५ नंबरचा. दोन मुलांमागे एक बॉल असला की सराव नीट होतो. बुटांच्या बाबतीत भेद नको, मातीवर एकतर सगळे अनवाणी, नाहीतर सगळ्यांना कॅनव्हासचे बूट.

सराव

आधी खाणं. बरीच पोरं सकाळच्या चहा-बटरवर येतात. केळं किंवा गूळ-चणे द्या, थोडं थांबा, मग पळवा. एका रांगेत उभं करून एकेकाला किक मारायला लावणं हा निव्वळ वेळेचा नास आहे. त्यापेक्षा चार विरुद्ध चार असे छोटे सामने लावा, म्हणजे सगळ्यात बुजऱ्या मुलाच्याही पायात बॉल येतो. चुकलेल्या पासवर ओरडू नका. ओरडणारी मोठी माणसं त्यांना भरपूर भेटतात.

एक पद्धत जरूर करून बघा. कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार १९९४च्या वर्ल्ड कपमध्ये स्वयंगोल (चुकून आपल्याच जाळ्यात गोल) करून घरी परतला आणि मेडेयिन शहरात त्याचा खून झाला. त्यानंतर हिंसेने पिचलेल्या त्या शहरात मुला-मुलींचं मिश्र फुटबॉल सुरू झालं. रेफरी नाही. खेळण्याआधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे, मग खेळायचं, शेवटी पुन्हा बसून कोण कसं वागलं ते बोलायचं आणि त्याचेही गुण द्यायचे. तिथला एक नियम असा होता की संघाचा पहिला गोल मुलीनेच करायचा. आपल्याकडे हा नियम लावलात की पोरं आपोआप मुलींना पास देऊ लागतात, सुरुवातीला कुरकुरत का होईना. खाली बसून बोलणं मात्र पहिले काही आठवडे नुसतं खिदळण्यात जातं. जाऊ द्या.

हजेरीची वही

मैदानावर खुणेसाठी ठेवायच्या प्लास्टिकच्या कोनांपेक्षाही महत्त्वाची वस्तू. कोणी लागोपाठ तीनदा आलं नाही तर त्याच आठवड्यात घरी जा. आजारपण, गावाला जाणं, कामाला लागणं, लग्नाची बोलणी, यातलं काय चाललंय ते वहीतल्या रिकाम्या चौकटीतूनच आधी कळतं.

कफ परेडच्या आंबेडकर नगरमधून उभ्या राहिलेल्या, वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या ऑस्कर फाउंडेशन या संस्थेचा 'शाळा नाही तर फुटबॉल नाही' हा नियम प्रसिद्ध आहे. तो चालतो, पण त्यासाठी मागे शाळेशी बोलणारी माणसं लागतात. नवख्याने पहिल्या दिवसापासून हा नियम लावला तर शाळा सुटलेलं पोर, ज्याला तुमची सगळ्यात जास्त गरज आहे, तेच फाटकाबाहेर राहतं. माझ्या मते त्याला आधी खेळू द्यावं, ओळख होऊ द्यावी आणि मग हात धरून शाळेत न्यावं.

सुरक्षितता

इथे तडजोड नाही. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं हवीत. एकट्या मुलाला कोणी गाडीवरून नेणार नाही, रात्री खासगी मेसेज करणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपसात मिटवायला बसणं हा गुन्हा ठरू शकतो. १०९८ हा अडचणीतल्या मुलांसाठीच्या सरकारी चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांकडून पाठ करून घ्या. आणि देणगीसाठी फाटक्या कपड्यांतल्या मुलांचे फोटो टाकू नका, तीच मुलं उद्या मोबाइलवर ते बघणार आहेत.

मोठी झालेली मुलं

पालक विचारतातच, "यातून नोकरी लागेल का?" राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक स्पर्धांत पदक मिळवणाऱ्यांना. त्याची आशा दाखवू नका. सोळा-सतराच्या मुलामुलींना लहान बॅच सांभाळायला द्या आणि त्याचे थोडे का होईना, दर महिन्याला पैसे द्या. फुकट राबवलेली पोरं दिवाळीनंतर डिलिव्हरीच्या कामाला लागतात. अठरा झाल्यावर, ज्यांना गोडी आहे त्यांची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी-लायसन्स या कोच होण्याच्या कोर्सची फी भरा.