चालू हीटिंगला नवा रेडिएटर जोडताना या चुका टाळा

एखादी खोली नेहमीच थंड राहते म्हणून घरच्या हीटिंगला, म्हणजे बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाने नळ्यांतून खोल्यांत फिरवणाऱ्या यंत्रणेला, आणखी एक रेडिएटर (त्या पाण्याची उष्णता खोलीत सोडणारे भिंतीवरचे उपकरण) जोडला जातो आणि तो तापला की काम झाले असे समजले जाते; मात्र जोडताना झालेल्या चुकीचा परिणाम बहुधा नंतर, आणि तोही दुसऱ्याच खोलीत, जाणवतो.

भिंतीवर किती जागा मोकळी आहे, एवढेच पाहून रेडिएटर निवडू नये. खिडक्या, बाहेरच्या भिंती आणि छप्पर यांतून खोलीची किती उष्णता बाहेर जाते, हे आधी काढावे. माहितीपत्रकातील वॅटचा आकडा सहसा रेडिएटरमधील पाण्याचे सरासरी तापमान आणि खोलीचे तापमान यांत ५० अंशांचा फरक धरून दिलेला असतो. पाणी कमी तापमानावर फिरत असेल आणि हा फरक ३० अंशांवर आला, तर १००० वॅटचा रेडिएटर साधारण निम्मीच उष्णता देतो.

दोन नळ्यांच्या रचनेत रेडिएटरचे एक टोक गरम पाणी आणणाऱ्या नळीला आणि दुसरे परतीच्या नळीला जोडावे लागते. दोन्ही टोके एकाच नळीला जोडली गेली, तर दाबात फरक उरत नाही आणि रेडिएटर थंडच राहतो. म्हणून नळी कापण्यापूर्वी थंड बॉयलर सुरू करून कोणती नळी आधी तापते, ते पाहावे. ८ किंवा १० मिलिमीटरच्या बारीक नळीवरून फाटा काढणेही टाळावे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते प्रवाहाच्या समतोलाकडे, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच असते. पाणी सोपी वाट धरते; पंपाजवळचा नवा रेडिएटर पूर्ण उघडा ठेवला, तर दूरच्या खोलीतील रेडिएटर कोमट पडतो आणि दोष बॉयलरला दिला जातो. अशा वेळी जवळच्या रेडिएटरचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह (रेडिएटरच्या एका टोकाची, पाण्याचा प्रवाह ठरवणारी झाकणाखालची झडप) थोडा थोडा बंद करावा, दूरचा अधिक उघडा ठेवावा आणि प्रत्येक बदलानंतर तापमान स्थिरावू द्यावे. हे काम घाईने होत नाही.

वरचा भाग थंड असेल तर आत हवा आहे. पंप बंद करून ती काढावी. जुना रेडिएटर खाली मध्यभागी थंड लागला, तर तळाशी गाळ साचलेला असतो. जोडणीसाठी पाणी उपसल्यावर ताज्या पाण्यासोबत प्राणवायू आत जातो व लोखंड गंजते, म्हणून गंजरोधक द्रव पुन्हा घालणे आवश्यक आहे.

बंद रचनेत, म्हणजे जिथे पाणी बाहेरच्या हवेशी संपर्क न येता दाबाखाली फिरते तिथे, थंड पाण्याचा दाब साधारण १ ते १.५ बार असावा. हवा काढल्यावर तो उतरणे स्वाभाविक आहे, पण पाणी भरल्यानंतरही रोज उतरत असेल, तर गळती शोधावी. जमिनीखालचे जोड थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर, असे दोनदा कोरड्या कागदाने पुसून पाहावेत, आणि मगच त्यांवर फळ्या बसवाव्यात.