पोटॅशियम ७.२ आलं? रिपोर्ट सोडण्याआधी या चुका तपासा

सकाळचा क्यूसी (आधीच माहीत असलेल्या आकड्याचं सॅम्पल लावून केलेली मशीनची तपासणी) पास, कमी-जास्त दोन्ही लेव्हल रेंजमध्ये, आणि पहिल्याच पेशंटचं पोटॅशियम ७.२ मिलीमोल प्रति लिटर. अशा वेळी बहुतेक ठिकाणी तोच सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) पुन्हा लावतात, पुन्हा ७.२ येतं आणि रिपोर्ट सुटतो. दोनदा तेच आलं यावरून मशीन स्थिर आहे एवढंच कळतं. सुई, ट्यूब किंवा वाहतुकीत झालेली चूक क्यूसीला दिसतच नाही.

पोटॅशियम भलतंच नाजूक. लाल पेशीच्या आत ते सुमारे १४० ते १५० असतं, बाहेर सिरममध्ये ३.५ ते ५.१. थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. त्यामुळे आधी सिरमचा रंग बघा. गुलाबी-लाल असेल तर नवं सॅम्पल मागवा. मनाने ‘अर्धा वजा’ करून रिपोर्ट देऊ नका.

सिरम स्वच्छ असेल, तर त्याच सॅम्पलमध्ये कॅल्शियम लावा. पोटॅशियम खूप जास्त आणि कॅल्शियम ४-५ मिग्रॅ, म्हणजे खूपच कमी असेल, तर ईडीटीएचा (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा) संशय घ्या. प्लेन (ईडीटीए नसलेल्या) ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधून ओतलेलं असतं. त्या ट्यूबमध्ये ईडीटीएचं पोटॅशियम मीठ असतं आणि ते कॅल्शियम बांधून टाकतं. म्हणून प्लेन आधी भरायची, जांभळी नंतर.

टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) मिनिटभराहून जास्त ठेवणं आणि ‘मूठ उघडा, मिटा’ सांगणं, दोन्ही सवयी सोडा. मूठ आवळत राहिल्याने स्नायूंमधून पोटॅशियम बाहेर येतं.

कलेक्शन सेंटरवाले ‘सॅम्पल खराब होऊ नये’ म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेली ट्यूब फ्रिजमध्ये ठेवतात, आणि तिथेच ते खराब होतं. थंडीत पेशींचा, पोटॅशियम आत ओढणारा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं, तेही सिरम लाल न करता. उलट विदर्भातल्या मे महिन्यात बॅगेत फिरलेल्या सॅम्पलमध्ये पंप जोरात चालतो, पहिले काही तास पोटॅशियम खोटंच कमी दिसू शकतं आणि पेशींनी साखर संपवली की वर जातं. उपाय एकच: रक्त नीट गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करा, सिरम वेगळा काढा, मग पाठवा.

सोडियम-क्लोराइड वर आणि पोटॅशियम, कॅल्शियम, प्रोटीन सगळं खाली असेल, तर सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलंय का, ते वॉर्डात विचारा.

एक मात्र नक्की: ७.२ खरंही असू शकतं, विशेषतः किडनीच्या पेशंटमध्ये. म्हणून शंका असली तरी डॉक्टरांना फोन लगेच करा. नवं सॅम्पल येईपर्यंत गप्प बसू नका.

आता मशीन. क्यूसी बाहेर गेला की तो ‘पास होईपर्यंत’ लावत राहणं ही सर्वात मोठी चूक. याचं एक कारण म्हणजे २ एसडीलाच (एसडी म्हणजे रीडिंग सरासरीपासून साधारण किती हलतं त्याचं माप) नापास धरणं. मशीन ठणठणीत असतानाही दोन लेव्हलपैकी एखादी शंभरात साधारण नऊ वेळा २ एसडीबाहेर जाते, मग पुन्हा लावायची सवयच लागते. एक व्हॅल्यू ३ एसडीबाहेर किंवा सलग दोन एकाच बाजूला २ एसडीबाहेर गेल्या, की थांबा आणि कारण शोधा. मीन (सरासरी) व एसडी स्वतःच्या लॅबच्या किमान २० रीडिंगवरून काढा. बाटलीसोबतच्या कागदावरची रेंज रुंद असते, तिच्यात बरंच काही लपतं.

कारण शोधताना आधी हे बघा: सगळेच घटक सारख्या टक्क्यांनी सरकलेत का? मग क्यूसीची पावडर विरघळवताना पाणी चुकलंय. एकटं पोटॅशियम सरकत असेल तर त्याचं इलेक्ट्रोड (मोजणारा सेन्सर) आणि त्याचा स्लोप, म्हणजे तो किती नीट प्रतिसाद देतोय, ते बघा. सगळं उड्या मारत असेल तर नळीत बुडबुडा किंवा फायब्रिन (गोठलेल्या रक्ताचे धागे) शोधा, रेफरन्स इलेक्ट्रोडही तपासा. प्रोटीन क्लीनिंग (साचलेलं प्रोटीन धुऊन काढणं) रोजचं आहे, रविवारीही.

सिरम दुधाळ आणि सोडियम १२५? मोठ्या ऑटोअॅनालायझरमध्ये सॅम्पल आधी पातळ होतं, त्यामुळे चरबी खूप असली की सोडियम खोटं कमी येतं. तेच सॅम्पल पातळ न करता मोजणाऱ्या छोट्या इलेक्ट्रोलाइट मशीनवर किंवा एबीजी (रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर लावून बघा.