बालवाडीतून वेलनेस कोचिंगकडे: वाट कशी धरायची

बालवाडीत किंवा अंगणवाडीत काही वर्षं काढली की सवय कशी लागते आणि कशी मोडते हे कळायला लागतं. वेलनेस कोचिंगही झोप, जेवण, हालचाल अशा सवयींचंच काम आहे. अडतं ते बोलण्यात. बाईंना सांगायची सवय असते, कोचनं विचारायचं असतं. एखाद्या मैत्रिणीबरोबर सराव करा, तिच्या परवानगीनं रेकॉर्ड करा आणि आपली किती वाक्यं ‘करा’, ‘करू नका’नं संपली ते मोजा. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटेल!

सुरुवात ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या पालकांपासून करा, कारण तिथे तुमचा हात बसलेला असतो. मात्र स्वतःच्या वर्गातल्या पालकांकडून फी घेऊ नका आणि अंगणवाडीच्या नोंदी खासगी कामाला वापरू नका.

भारतात कोच म्हणवून घ्यायला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे दोन दिवसांत मिळणारी सर्टिफिकेटं पोत्यानं आहेत. आधी आहाराचा पाया घाला. इग्नूचा पोषण व आरोग्य शिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम बारावीनंतर घरून करता येतो. योग शिकवायचा असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा द्या. कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीला, एसीसीला (असोसिएट सर्टिफाइड कोच), ६० तासांचं प्रशिक्षण, अनुभवी कोचकडून १० तासांचं मेंटॉर कोचिंग आणि १०० तासांचा अनुभव लागतो. त्यातले ७५ तास पैसे घेऊन केलेले हवेत. कंपन्यांमध्ये काम करायचं नसेल तर त्याची घाई नको. पावडर विकायला लावणारं ‘कोच प्रशिक्षण’ म्हणजे विक्रेत्यांची भरती, त्याच्या वाटेला जाऊ नका.

पहिलं सत्र ४५ मिनिटांचं ठेवा. समजा, चार वर्षांचं मूल साडेअकराला झोपतं आणि आई मोबाइलला दोष देते. सल्ला देण्याआधी विचारा, ‘काल दुपारपासून झोपेपर्यंत काय काय झालं, क्रमानं सांगा.’ बरेचदा कळतं, की मूल पाच ते साडेसहा झोपलं होतं आणि साडेदहाला बाबा आल्यावर पुन्हा ताजंतवानं झालं. मग विचारा, ‘यातलं तुमच्या हातात काय आहे?’ आई म्हणाली, की संध्याकाळची झोप टाळते, तर दहापैकी किती खात्री वाटते ते विचारा. उत्तर सातच्या खाली आलं तर पाऊल आणखी लहान करा: झोपू द्या, पण अर्ध्या तासानं उठवा. सकाळी उठण्याची वेळ आधी पक्की करायची, रविवारीसुद्धा. त्यानंतर रात्रीची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणायची. एकदम साडेनऊला अंधार केला तर मुलाला झोपच आलेली नसते, रडारड होते आणि दोन-तीन दिवसांत घर हात टेकतं.

मर्यादा पहिल्याच सत्रात लेखी द्या. औषधं, इन्सुलिन, आजारातला आहार यांत कोचनं पडायचं नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या आत भरला, वजन थांबलं किंवा बोलणं मागे पडलं, तर बालरोगतज्ज्ञांकडेच पाठवा. घेर ११.५च्या आत असेल तर त्याच दिवशी. आई खचल्यासारखी वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. ‘मधुमेह बरा करू’, ‘लठ्ठपणा घालवू’ अशी जाहिरात १९५४च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात अडकू शकते, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरही टाकू नका.

फी ठरवताना ४५ मिनिटांवर जाऊ नका. टिपणं, मधले मेसेज, पुढच्या सत्राची तयारी धरून दीड तास सहज जातो, दर त्या दीड तासाचा लावा. एकेक सत्र विकलं तर पालक पहिल्या सुधारणेनंतर गायब होतात, म्हणून सहा सत्रांचे पैसे आगाऊ घ्या. छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, मोफत होते, आणि नुसत्या सेवेवर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. नोकरी सोडायची ती मात्र सलग सहा महिने कोचिंगमधून पगाराइतके पैसे आल्यावरच. त्यात मे महिना धरा, कारण सुट्टीत पालक गावी जातात आणि सत्रं बंद पडतात.