उद्या सकाळी रेंडर द्यायचंय? आधी या चुका टाळा

रात्री अकराला फायनल रेंडर (इमारतीच्या 3D मॉडेलवरून कॉम्प्युटरने काढायचं चित्र) लावलं आणि सकाळी उठलो तेव्हा आठही व्ह्यू, म्हणजे आठ कोनांतली चित्रं, तयार होते. काचा स्वच्छ, लाकूड झकास, नॉइज (चित्रातले दाणे) औषधालाही नाही. नऊला पाठवले. नऊ वाजून चार मिनिटांनी आर्किटेक्टचा फोन: "अहो, जिना डावीकडे वळतो ना?" वळत होता, पण सुधारित ड्रॉइंगमध्ये. ती फाइल आदल्या दुपारीच मेलमध्ये येऊन पडली होती आणि मी सकाळच्या प्रतीवर मॉडेल उभं केलं होतं. आठपैकी पाच व्ह्यूंत जिना दिसत होता.

मशीन जेवढा वेळ खातं, त्याहून जास्त वेळ आपण न विचारलेले प्रश्न खातात. म्हणून आता कितीही घाई असली तरी मॉडेलला हात लावण्याआधी ड्रॉइंगची तारीख विचारून घेतो, आणि क्ले रेंडर (रंगांशिवायचं, नुसते आकार दाखवणारं कच्चं चित्र) पाठवल्याशिवाय पुढे सरकत नाही.

क्ले रेंडर टाळणं, ही सगळ्यात महाग चूक

सगळ्या सीनला एकच फिकट राखाडी मटेरियल, आकाशाचा साधा उजेड, 1200 पिक्सेल रुंदीची इमेज. काही मिनिटांचं काम. सोबत एकच प्रश्न: "कॅमेरा आणि भिंती फायनल धरू का?" होकार लेखी घ्या, फोनवर दिलेला होकार दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. इथे रंगीत ड्राफ्ट पाठवायचा मोह होतो, तो आवरा. रंग दिसले की क्लायंट सोफ्याच्या कापडावर बोलत बसतो आणि खिडकी अर्धा मीटर सरकलीय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

याच वेळी कॅमेरा तपासा. उंची डोळ्यांच्या पातळीला, साधारण 1.5 ते 1.6 मीटर. खोली मोठी दिसावी म्हणून 14 मिमीची लेन्स लावली की कडेची खुर्ची रबरासारखी ताणली जाते. उभ्या रेषा उभ्याच दिसायला हव्यात. सूर्य मनाने लावू नका, ड्रॉइंगवरचा उत्तरेचा बाण बघा. नाहीतर "आमच्याकडे इथे ऊन येतच नाही" हे वाक्य भर मीटिंगमध्ये ऐकावं लागतं.

वेळेचा अंदाज मनाने बांधणं

ए3 आकार 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) म्हणजे 4961 × 3508, जवळपास 1.74 कोटी पिक्सेल. त्याच्या चौथाई रुंदी-उंचीत टेस्ट लावा. पिक्सेल सोळावा हिस्सा होतात. टेस्टला सहा मिनिटं लागली तर फायनलला 96 मिनिटं धरा. आठ व्ह्यू म्हणजे पावणेतेरा तास, आणि हातात रात्रीचे दहाच तास. (सीन लोड व्हायचा वेळ सोळापट होत नाही, म्हणून हा आकडा थोडा चढा येतो. चढाच बरा.) हे गणित संध्याकाळी सातला केलं तर काहीतरी हातात राहतं. मीटिंग स्क्रीनवर आहे की प्रिंटवर, एवढं विचारा. प्रोजेक्टरसाठी 1920 × 1080 पुरत असेल तर पिक्सेल आठव्या हिश्श्याहूनही कमी लागतात.

रेंडर बिघडलं की आधी कुठे बघायचं

जीपीयूवरचं, म्हणजे ग्राफिक कार्डवरचं, रेंडर मध्येच बंद पडत असेल तर त्या कार्डची मेमरी बघा. जेपेग फाइल दोन एमबीची असली तरी 4096 × 4096 चं टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र) मेमरीत उघडलं की सुमारे 64 एमबी होतं, आणि 8के (8192 × 8192) असेल तर 256. कोपऱ्यातल्या उशीला 8के लावणारे महाभाग मी पाहिलेत. त्यात मीही होतो. झाडं कॉपी करू नका, प्रॉक्सी (एकाच मूळ झाडाकडे बोट दाखवणारी हलकी प्रत) वापरा.

भिंतीवर काळे चट्टे किंवा चकाकणारे पट्टे आले तर बहुधा दोन पृष्ठभाग एकाच पातळीत आहेत. एकाला दोन मिलिमीटर पुढे ओढा. सगळंच मॉडेल थरथरत असेल तर कॅडची फाइल सर्व्हेच्या निर्देशांकांसकट आलेली असते, शून्यापासून कित्येक किलोमीटर लांब. ती शून्याजवळ आणा.

पांढरे ठिपके दिसले की सॅम्पल (दर पिक्सेलमागे सोडलेले प्रकाशकिरण) वाढवत बसणं म्हणजे रात्र घालवणं. एखादा लहानसा, प्रखर दिवा चकचकीत पृष्ठभागात परावर्तित होत असतो. तो रिफ्लेक्शनमधून वगळा. डीनॉइजरवरही (नॉइज पुसणाऱ्या टूलवर) फार भिस्त नको. सॅम्पल अगदीच कमी असले तर लाकडाच्या रेषा मेणासारख्या वितळतात.

दुसऱ्या मशीनवर टेक्स्चर गायब होतात ती फाइलच्या पाथमुळे, म्हणजे फोल्डरचा पत्ता बदलल्यामुळे. सीन टेक्स्चरसकट पॅक करूनच हलवा.

करेक्शनसाठी सगळं पुन्हा लावणं

फायनलसोबत मटेरियल आयडीचा पास (प्रत्येक मटेरियल वेगळ्या रंगात दाखवणारी जोड-इमेज, तिने हवा तो भाग निवडता येतो) घ्या आणि मूळ इमेज ईएक्सआरमध्ये (प्रकाशाची पूर्ण माहिती जपणाऱ्या फाइल प्रकारात) ठेवा. नुसतं जेपेग हातात असेल तर पडद्याचा रंग बदलायलाही अख्खा व्ह्यू पुन्हा लावावा लागतो. छोट्या बदलाला तेवढाच भाग रेंडर करून फोटोशॉपमध्ये बसवा. मात्र पांढरी भिंत लाल करायला सांगितली तर हा उपाय चालत नाही: लाल भिंतीचा रंग छतावर आणि फरशीवरही उतरतो, आणि चिकटवलेला तुकडा लगेच ओळखू येतो.

झोपण्याआधी विंडोजचा अपडेट थांबवा, स्लीप बंद करा, आणि रांगेत सगळ्यात पुढे तो व्ह्यू लावा ज्याच्यासाठी मीटिंग आहे. बहुतेक वेळा तो दर्शनी भागाचा असतो. बाथरूमचा व्ह्यू शेवटी अर्धा राहिला तर दुपारी पाठवता येतो.