पंपाच्या खोलीतला कागद: सूचना कशा लिहाव्यात

'गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने.' पुण्यात चार वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य पाठ असतं. अशाच एका शुक्रवारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीतला पंप कोरडा चालला आणि त्याचं सील, म्हणजे पाणी गळू न देणारी आतली कडी, गेलं. पंपाच्या खोलीत सूचनांचा कागद होता. मीच लिहिलेला, लॅमिनेट करून आणलेला: 'पाण्याची पातळी तपासून पंप सुरू करण्यात यावा. संबंधित व्हॉल्व्ह उघडे असल्याची खात्री करून घ्यावी.'

रात्रपाळीचे वॉचमन काका शांतपणे म्हणाले, "साहेब, वाचलं होतं की. पातळी बघितली. वरची टाकी रिकामी होती, म्हणून तर पंप लावला."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. बघायची होती खालची टाकी, जिथून पंप पाणी ओढतो. पण कुठली टाकी, ते मी लिहिलंच नव्हतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे, टेबलाशी बसून लिहू नका. ज्या जागी काम होतं तिथे जा, स्वतः करा आणि प्रत्येक हालचाल मोठ्याने बोला. दुसऱ्या कुणाला तरी ती टिपून घ्यायला सांगा. मी हे केलं तेव्हा कळलं, की जिन्याखालच्या टाकीत टॉर्चशिवाय काही दिसत नाही. माझ्या खिशात मोबाइल असतोच, त्यामुळे टॉर्च कधी लिहायचं सुचलंच नव्हतं. जे आपल्याला सवयीचं झालंय, नेमकं तेच कागदावर यायचं राहतं.

लिहिताना अट आधी, कृती नंतर. 'पंप सुरू करा, मात्र खालच्या टाकीत पाणी नसल्यास करू नये' हे वाक्य व्याकरणाला चालेल, पंपाला नाही. 'मात्र'पर्यंत पोचेतो बोट बटणावर गेलेलं असतं.

आता भाषा. 'करण्यात यावा' म्हणजे कोणी करायचा? 'करा' लिहिलं तर उद्धट दिसेल, अशी आपल्याला उगाच भीती असते. पण 'करा'मध्ये आदर आहेच, 'कर' थोडंच लिहितोय! एका वस्तूला एकच नाव ठेवा. वर बटण, मध्ये खटका, खाली स्विच असं लिहिलं की वाचणारा तीन वस्तू शोधतो. 'पंप लावा' तर टाळाच. प्लंबरच्या लेखी त्याचा अर्थ नवा बसवा असाही होतो. 'वरचा व्हॉल्व्ह' म्हणजे डोक्यावरचा की गच्चीवरचा? रंग, आकार, जागा सांगा.

पुणेरी पाटीचा मोह मात्र आवरा. आम्हाला पाट्या छान जमतात, पण पाटी समोरच्याला आधीच गुन्हेगार धरते आणि टोमणा मारून मोकळी होते. पंपापाशी उभा असलेला माणूस अर्धवट झोपेत असतो, वरून चार बिऱ्हाडं ओरडत असतात. त्याला टोमणा नको, पुढची पायरी हवी.

आमचा नवा कागद असा:

१. टॉर्च घ्या. जिन्याखालच्या टाकीचं झाकण उघडा.
२. आत भिंतीवर लाल पट्टा आहे. पाणी पट्ट्याच्या खाली असेल, तर पंप सुरू करू नका. सेक्रेटरींना फोन करा.
३. पिवळ्या दांडीचा व्हॉल्व्ह बघा. दांडी पाइपाच्या रेषेत हवी. आडवी असेल तर व्हॉल्व्ह बंद आहे; दांडी फिरवून रेषेत आणा.
४. हात कोरडे करा. हिरवं बटण दाबा.
५. गेजचा काटा बघा. अर्ध्या मिनिटात चढला नाही, तर लाल बटण दाबा.

लाल पट्टा आधी नव्हता. 'पुरेसं पाणी' म्हणजे किती, हे लिहिता लिहिता मी तीन वाक्यं खोडली आणि शेवटी रंगाचा डबा आणला. वस्तूवर खूण करून भागत असेल, तर वाक्याचा हट्ट धरू नये. पाचव्या पायरीसारखं 'असं दिसलं पाहिजे' हे जमेल तिथे घाला, नाहीतर जमलं की नाही हे करणाऱ्याला कळणार कसं?

कारणं थोडीच द्या, जिथे माणूस पायरी टाळेल तिथेच. दुसऱ्या पायरीखाली आम्ही बारीक अक्षरात लिहिलं: 'सील पाण्यानेच गार राहतं. पाण्याविना पंप चालला तर ते जळतं.' त्यानंतर झाकण उघडायचा कंटाळा कुणी केलेला नाही.

आता खरी परीक्षा. ज्याने ते काम कधीच केलेलं नाही, त्याच्या हातात कागद द्या आणि तुम्ही मागे गप्प उभे राहा. गप्प राहणं फार अवघड जातं, निदान मला तरी. दिवसपाळीला नवीन आलेला मुलगा तिसऱ्या पायरीपाशी अडला. "दादा, कुठली पिवळी?" बघतो तर पिवळ्या दांड्या दोन, दुसरी बागेच्या नळाची. इतकी वर्षं त्या खोलीत जातोय, मला ती दिसलीच नव्हती. त्या दिवशी पहिल्या दांडीला पत्र्याचा बिल्ला बांधला आणि कागदावर 'बिल्ला असलेली' एवढं वाढवलं.

कागदाच्या तळाशी तारीख घाला आणि लॅमिनेशन करू नका. परवाच प्लंबरने तो व्हॉल्व्ह बदलला. नवी दांडी निळी आहे, आणि जुन्या दांडीबरोबर बिल्लाही भंगारात गेला. पेन घेऊन खाली जायचंय.