आपल्या गावात टेक्नोची संध्याकाळ उभी करायची तर

कोल्हापुरात ‘डीजे’ म्हटलं की माणूस डोळ्यांपुढे येत नाही, ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत येते. त्या भिंतीला आम्ही डॉल्बी म्हणतो. मी बारा वर्षं डॉल्बीवर ऑपरेटर होतो. गेली सहा वर्षं उद्यमनगरातल्या मामांच्या बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, हाऊस आणि टेक्नोची, म्हणजे यंत्रांवर केलेल्या, एकसारख्या ठोक्यावर नाचायच्या संगीताची संध्याकाळ भरवतो. पहिल्या शनिवारी १९ माणसं आली होती, त्यातली सात घरचीच. आता दीडशे येतात आणि त्यापुढे आम्ही दार बंद करतो. सांगली, इचलकरंजी, निपाणीची पोरं विचारतात, ‘दादा, आमच्याकडं कसं सुरू करायचं?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट, मोठ्या फेस्टिव्हलची स्वप्नं आत्ता बाजूला ठेवा. सनबर्न २००७ मध्ये गोव्यात सुरू झाला, २०१६ मध्ये पुण्यात आला. आमच्याकडची पोरं गाड्या करून जातात, नाचून येतात आणि मग वर्षभर मोबाइलवर व्हिडिओ बघत बसतात. तिथं जाण्यात वाईट काही नाही, मीही गेलोय. पण त्यानं गावात काही उगवत नाही. उगवतं कधी, तर तीच माणसं त्याच जागी पुढच्या महिन्यात पुन्हा भेटतात तेव्हा.

हे मला चरणजित सिंग यांच्यामुळं कळलं. मुंबईत हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे हे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची ३०३ (बेसचे सूर काढणारं) आणि ८०८ (ताल वाजवणारं) ही यंत्रं घेऊन रागांवर एक तबकडी केली. शिकागोतला अॅसिड हाऊस, हाऊसचाच एक प्रकार, त्यानंतर काही वर्षांनी आला, आणि तोही त्याच ३०३ मधून. सिंगांची तबकडी मात्र कुणाच्या लक्षातही राहिली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. यंत्र होतं, हात तयार होता, मग अडलं कुठं? माझं मत असं की तो आवाज ऐकून आठवड्याच्या आठवड्याला नाचायला जमतील अशी एक खोली इथं नव्हती. शिकागोत ती होती. वेअरहाऊस नावाच्या क्लबात डीजे फ्रँकी नकल्स १९७७ पासून वाजवत होते आणि त्या क्लबाच्या नावावरूनच संगीताला ‘हाऊस’ म्हणायला लागले. तेव्हा आधी खोली शोधा, बाकीचं नंतर.

खोली गावाच्या जवळ असावी, पण घरांना चिकटून नसावी. वर्कशॉप, गोडाऊन, जुनं मंगल कार्यालय, काहीही चालेल. दोन दारं हवीतच. एकच दार असेल तर भाडं कितीही कमी असू दे, सोडून द्या. जमीन सपाट हवी. वीज आधी वायरमनला दाखवा, अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नीट नसेल तर स्पीकरमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो, आणि ते नुसतं कानाला वाईट नाही, हाताला झटका बसू शकतो.

आता आवाज. यावर मी जास्त बोलणार, कारण सगळे इथंच चुकतात. मीही चुकलो. मिरवणुकीत आमचं एकच गणित असायचं, समोरच्या मंडळापेक्षा आपला जोरात. बारा वर्षं त्या भिंतीशेजारी उभा राहिलो, आता माझ्या डाव्या कानात रात्रंदिवस बारीक शिट्टी वाजते. ती जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा: ८५ डेसिबल आवाजात माणूस आठ तास राहू शकतो, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आम्ही नाचण्याच्या जागेच्या मधोमध ९४ च्या वर कधी जात नाही. नाचता नाचता लोकांना जरा बाहेर काढायला म्हणून चहा मुद्दाम अंगणात ठेवतो. दारात फोमचे इअरप्लग फुकट देतो. सुरुवातीला पोरं लाजायची, आता मागून घेतात.

कमी आवाजात मजा येते का? येते, स्पीकर नीट लावले तर. मंडपवाल्याकडून चार बेस (खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचे स्पीकर) आणि दोन टॉप (वरच्या आवाजाचे) पुरतात. बेस डावीकडं दोन, उजवीकडं दोन असे फोडू नका. मधोमध एकत्र ठेवा. फोडून ठेवले की खोलीत काही ठिकाणी छाती हलते आणि दोन पावलं सरकलात की बेस गायब. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर असते, म्हणजे आमच्या वर्कशॉपच्या रुंदीएवढी. भिंतीवरून परत येऊन ती स्वतःलाच मारते किंवा दुप्पट करते. म्हणून माणसं यायच्या आधी एकच बेसलाइन लावून सगळी खोली चालून या. कोपऱ्यात तो फुगेल, तिथं टेबल किंवा सामान ठेवा, माणसं उभी करू नका. टॉप डोक्याच्या वर, तोंड किंचित खाली.

आमचं छप्पर पत्र्याचं. पहिल्या महिन्यात किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, वाजली की पत्रा थरथरायचा. सैल स्क्रू आवळले, मध्ये रबराचे वायसर टाकले. गादीवाल्याकडून जुन्या गाद्या आणून मागच्या भिंतीला टांगल्या. त्यानं गाण्यातल्या टाळ्यांचा आणि हाय-हॅटचा (ड्रमच्या झांजेचा) कचकचाट गेला. बेसला गादी अडवत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. बेस शेजारी जाणारच. त्याला उपाय एकच, लेव्हल खाली.

मिक्सरवरचा लाल दिवा पेटता कामा नये. डॉल्बीवर लाल म्हणजे जोर अशी आमची समजूत होती. लाल म्हणजे आवाज फाटतोय, आणि फाटलेल्या आवाजानं कानही जातात आणि स्पीकरची कॉइलही. वाजवणारा बदलला की गेन, म्हणजे मिक्सरमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी, तपासायला एक माणूस कायम मिक्सरपाशी उभा ठेवा.

शेजाऱ्यांकडं आठवडाभर आधी स्वतः जा. आमच्या मागच्या गल्लीत एक आजी राहतात. पहिल्या वर्षी मी त्यांच्या माजघरात बसून भावाला फोनवर सांगत होतो, ‘बेस कमी कर, अजून कमी.’ भांड्यांची फळी हलायची थांबली तिथं मिक्सरवर टेप लावून खूण केली. ती खूण अजून आहे. कायदाही तेच मागतो: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंद सभागृहाला थोडी सूट आहे, पण आम्ही ती घेत नाही. साडेचारला सुरू, साडेनऊला शेवटचं गाणं.

ही वेळ नाइलाजानं निवडली होती, पण आमची संध्याकाळ वाढली ती या वेळेमुळंच. केएमटीची बस मिळते, घरी जेवायला जाता येतं, म्हणून मुली येतात. मुली याव्यात असं नुसतं म्हणून भागत नाही. दारावर दोन मैत्रिणी बसवा, संडास स्वच्छ ठेवा आणि तिथं दिवा आणि कडी दोन्ही असू द्या. कुणी तक्रार केली तर गाणं थांबवून त्या माणसाला बाहेर काढायची तयारी ठेवा. आम्ही दोनदा काढलंय. एकदा तो माझाच मित्र होता. दारू नाही, पाण्याचा पिंप फुकट. नाचून झाल्यावर निम्मी मंडळी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जातात.

आता वाजवायचं काय आणि कसं. कुस्तीचं मैदान बघितलंय ना? खासबागेत पहिल्या नंबरची कुस्ती शेवटी लागते. आधी बारक्या पोरांच्या, मग मधल्या. हलगीवालाही सुरुवातीलाच जीव खाऊन वाजवत नाही, कुस्ती रंगेल तसा चढतो. संध्याकाळ तशीच बांधा. पहिला तास ११० ते ११८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला इतके ठोके, माणसं येतायत, बोलतायत, पाय नुसते हलतायत. मग १२० ते १२६ हाऊस. शेवटचा दीड तास १३० च्या पुढं टेक्नो. पहिल्या तासाला वाजवणाऱ्यानं शेवटच्याची हुकमी गाणी वाजवायची नाहीत, हा आमचा एकमेव कडक नियम. पहिला तास सगळ्यात अवघड असतो आणि तो मी सगळ्यात जाणत्या माणसाला देतो.

बाहेरचा पाहुणा तीन महिन्यांतून एकदाच. पुण्या-मुंबईहून कुणी आलं की गर्दी होते हे खरं, पण दर वेळी बाहेरून माणूस आणलात तर गावातलं कुणी तयार होणार नाही. आमचे चार जण कायमचे आहेत: एक फाउंड्रीत मोल्डर, एक फार्मसीची विद्यार्थिनी, एक बँकेत आणि मी. दुसरा शनिवार ठेवण्याचं कारण तेच, बँकेला सुट्टी. त्या फार्मसीच्या पोरीनं आमच्याच डेकवर, म्हणजे गाणी वाजवायच्या यंत्रावर, हात बसवला. साडेतीन ते साडेचार डेक उघडे असतात, कुणीही पेन ड्राइव्ह घेऊन यावं. मी एक जुना, वापरलेला कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायचा छोटा डेक) १८ हजारांना घेतला होता, तो आता शिकणाऱ्यांना आळीपाळीनं पंधरा-पंधरा दिवस घरी देतो. शिकवताना सिंकचं बटण, म्हणजे दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं, पहिले दोन महिने बंद. कानानं दोन किक जुळवता आल्या की पुढचं आपोआप येतं.

गाणी विकत घ्या. बँडकॅम्प या वेबसाइटवर पैसे बऱ्यापैकी थेट कलाकाराला पोचतात. आणि स्वतःची करा. डेट्रॉइट हे मोटारींचं गाव. त्याच्या शेजारच्या बेलव्हिलमध्ये हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे शाळेतले दोस्त, त्यांनी टेक्नो घडवला. आमचंही गाव लेथ आणि भट्ट्यांचं आहे, म्हणून ही गोष्ट ऐकली की मला लई जवळची वाटते. आमच्या मोल्डरनं प्रेसचा ठोका रेकॉर्ड करून किकखाली घातलाय. हलगी-घुमकं वापरणार असाल तर नेटवरचा तुकडा उचलू नका. वादकाला बोलवा, बिदागी द्या, गाण्यावर त्याचं नाव घाला आणि एखाद्या शनिवारी त्याला डेकशेजारी उभं करा. आम्ही केलं त्या दिवशी आजी स्वतः दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

कागदपत्रं: पोलीस ठाण्यात आम्ही १५ दिवस आधी अर्ज देतो, सोबत जागामालकाचं संमतीपत्र. गाणी वाजवायचा परवाना देणाऱ्या दोन संस्था आहेत: रेकॉर्डिंगच्या हक्कांसाठी पीपीएल, गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस, दोन्हीकडं आधी चौकशी करा. आग विझवायची दोन सिलिंडरं, तारीख बघून.

पैसे: तिकीट १५० रुपये. दीडशे माणसांचे साडेबावीस हजार होतात. त्यातून आधी मंडपवाला, वीज, परवाने, सफाईवाल्या मावशी. मग वाजवणारे, सगळ्यांना सारखे, पहिल्या तासाच्याला आणि शेवटच्याला एकच रक्कम. उरलं ते डब्यात. ‘ओळख होईल’ म्हणून कुणाला फुकट वाजवायला लावू नका. मला एका हॉटेलवाल्यानं असं दोन वर्षं वाजवायला लावलं होतं. शेवटी मी डेकला हात लावणंच सोडलं होतं, पुढचं वर्षभर.

पहिले सहा महिने माणसं कमी येतील. चौथ्या महिन्यात पाऊस होता आणि आमच्याकडं अकराच जण होते. त्या दिवशीही साडेनऊपर्यंत वाजवलं, पूर्ण चढत. त्या अकरातले आठ जण अजून येतात आणि त्यातली एक आता पहिला तास सांभाळते.

साडेनऊला दिवे लावा. केबल आठच्या आकड्यात गुंडाळा, कोपरावर पीळ देऊन नको, आतली तार तुटते. गाद्या उतरवा, झाडून घ्या, हिशोब वहीत लिहून दारावर चिकटवा. पुढच्या दुसऱ्या शनिवारची तारीख खडूनं शटरवर लिहा आणि मग कुलूप लावा.