चिखलात शिकलेलं

किनारी परिसंस्था वाचवायच्या म्हटलं की नवख्याच्या डोळ्यासमोर दोनच चित्रं येतात: पाठीला सिलिंडर लावून प्रवाळांत पोहणारा माणूस, नाहीतर हातात रोप घेऊन उभा असलेला. मीही त्यातलाच. पहिल्याच प्रकल्पात आम्ही गुडघाभर चिखलात उतरून दोन आठवडे खारफुटीची रोपं लावली. फोटो झकास आले. पुढच्या वर्षी गेलो तर निम्म्या काड्या आडव्या, उभ्या होत्या त्यांच्यावर बार्नॅकल या चिकटून बसणाऱ्या कवचधारी जीवांचे थर आणि पान एकही नाही.

रोपं चांगली होती, जागा चुकली होती. खारफुटी साधारणपणे सरासरी समुद्रपातळी आणि उधाणाच्या भरतीची रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात जगते. आमचं चिखलठाण त्याच्याही खाली. दिवसाचा बराच वेळ रोपं बुडालेली, मुळांना हवा मिळणार कुठून? तरी तिथेच लावली, कारण वरच्या पट्ट्यावर कुणाची ना कुणाची मालकी होती आणि खालच्या चिखलावर कुणाचाच दावा नव्हता. फिलिपिन्समध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. तिथल्या लागवडींचा २००८ साली आढावा घेतला गेला, तेव्हा जगलेली रोपं जेमतेम १० ते २० टक्के निघाली.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी आधी भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायला लावतो. एक खुंट ठोका, त्यावर सेंटीमीटरच्या खुणा करा आणि अमावास्या ते पौर्णिमा पाणी कुठवर चढतं ते रोज लिहा. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला फरक पुस्तकापेक्षा त्या खुंटावर लवकर कळतो. लिहायला पेन्सिल घ्या, शाई ओल्या कागदावर फुटते. काम कंटाळवाणं आहे, पण त्यातूनच कळतं की बऱ्याच ठिकाणी जुना बांध फोडून पाण्याला वाट दिली की बिया आपणहून वाहत येतात आणि रोपं लावायची गरजच उरत नाही. अडचण एवढीच की पैसे देणाऱ्याला लावलेल्या रोपांचा आकडा हवा असतो!

लागवड नेहमी फसते असं मात्र नाही. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरचं ईलग्रास हे समुद्रगवत १९३०च्या दशकात रोगाने आणि वादळाने गेलं. पाणी पुरेसं नितळ होतं, फक्त बी पोचत नव्हतं. साधारण २००० सालापासून तिथे सात कोटींहून जास्त बिया टाकल्या गेल्या आणि आज सुमारे ३,६०० हेक्टरांवर गवत आहे. तिथे काय कमी आहे ते आधी नीट ओळखलं होतं.

प्रवाळांचं गणित वेगळं. वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी १ अंशाने जास्त तापलं आणि तसंच चार आठवडे राहिलं की ब्लीचिंग, म्हणजे प्रवाळ पांढरे पडणं, सुरू होतं. आठ आठवडे राहिलं तर प्रवाळ मरू लागतात. २०२३च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात समुद्रातल्या नर्सरीतले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले. ज्यांना फक्त प्रवाळांचे तुकडे लावण्यात रस आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

अभ्यासाचं म्हणाल तर डायव्हिंग नंतर शिकलं तरी चालतं. संख्याशास्त्र आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणं) मात्र टाळू नका. जमिनीचे नकाशे वाचता येणं हे कुणी शिकवत नाही, पण समुद्र चढतोय तशी खारफुटी मागे सरकू पाहते, मागे भिंत असली की अडकते. ती भिंत कुणाच्या जागेत आहे, हे शोधण्यात माझी कित्येक दुपारी कचेऱ्यांत गेल्या आहेत.

आणि पहिल्या दिवशी गमबूट घालून येऊ नका. चिखल ते ठेवून घेतो, तुम्ही मोज्यांवर परतता. अनवाणीही नको, कालवांच्या कडा तळवे कापतात. जुने, घट्ट बांधता येणारे बूट बरे.